अर्धी पाण्यात, अर्धी वर: इमर्जर फ्लाय बांधायची आणि टाकायची कशी

ज्याच्या घरी कूलर आहे त्याला इमर्जर म्हणजे काय ते समजावून सांगायला चित्र लागत नाही. आठवडाभर न बदललेलं टाकीतलं पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि ग्लास खिडकीशी धरा. वळवळणाऱ्या लांबट अळ्या दिसतील, आणि त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे, मोठ्या डोक्याचे कोष. हे कोष पाण्याच्या पृष्ठभागाला खालून टेकून असतात. थोडा धीर धरलात तर एखाद्याची पाठ उकलते आणि त्या फटीतून डास उभाच्या उभा वर येतो. पाय मोकळे व्हायला, पंख ताठ व्हायला त्याला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ अर्धं अंग खालच्या कातीत, अर्धं हवेत. उडता येत नाही, बुडी मारता येत नाही. हाच इमर्जर, आणि पिसं-दोऱ्याने गळावर बांधलेली त्याची नक्कल म्हणजे इमर्जर फ्लाय. पाहून झालं की ते पाणी कोरड्या मातीत ओता आणि टाकी घासून घ्या. डेंग्यूचे डास पाळायला आपण बसलेलो नाही.

माशाला नेमकी हीच अडकलेली अवस्था हवी असते. मेफ्लाय या पाणकिड्याचं पिल्लू असो, कॅडिस या दुसऱ्या पाणकिड्याचा कोष असो की दिव्याभोवती घोंघावणारी, न चावणारी चिलटं असोत, पाण्यातून हवेत जाताना सगळ्यांना पाण्याचा ताणलेला पापुद्रा फोडावा लागतो. त्यात बरेच थकतात, काहींचा पाय किंवा पंख कातीत अडकून राहतो. उडायला तयार झालेला किडा माशाच्या तोंडून निसटू शकतो, हा निसटू शकत नाही. म्हणून वर पंखवाले किडे तरंगत असतानाही मासे त्यांना सोडून खालच्या अर्धवटांवर तुटून पडतात, आणि आपण मात्र डब्यातली सगळ्यात उंच तरंगणारी देखणी फ्लाय टाकत बसतो.

दुसरं कारण प्रकाशाचं आहे. पाण्याखालून वर पाहिलं तर बाहेरचं जग फक्त डोक्यावरच्या साधारण ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं. त्या खिडकीपलीकडे पृष्ठभाग आतून आरशासारखा असतो आणि त्यात तळ दिसतो. उंच तरंगणाऱ्या फ्लायचे फक्त पाय त्या आरशाला खळगे पाडतात. इमर्जरचं पोट मात्र आरसा फोडून खाली लोंबतं, त्यामुळे ती खिडकीत येण्याआधीच, लांबून, माशाला दिसते. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. गळ कुठला, लोकर किती, तेल कुठे लावायचं, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं: पोट पाण्याखाली आणि पंख पाण्यावर राहतील का?

सामान

व्हाइस (गळ पकडून ठेवायचा शिकंजा), बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायचं साधन) आणि गळ विकत घ्यावेच लागतात, आणि नागपुरातल्या नेहमीच्या गळ-दोरीच्या दुकानात ते मिळतील अशी आशा धरू नका. ऑनलाइन मागवा. गळ बारीक तारेचा आणि पाठीत वाकलेला हवा. टीएमसी कंपनीचं २४८७ हे मॉडेल त्यातलं सरसकट चालणारं. मापाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. सुरुवात १२ किंवा १४ पासून करा. १८ नंबरवर हात बसायला वेळ लागतो. दोरा ७० डेनिअरचा. शिलाईच्या रिळाचा दोरा याच्या कितीतरी जाड असतो आणि दोन वेढ्यांतच फ्लायचं डोकं फुगवून ठेवतो. गाठ मारायच्या यंत्राऐवजी बॉलपेनची रिकामी रिफिल चालते. दोऱ्याचा फास तिच्या टोकावर घ्यायचा, टोक गळाच्या नाकावर (तंगूस ओवायच्या भोकावर) बसवायचं आणि फास घसरवायचा.

पिसांच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. जगभरच्या फ्लाय बांधणाऱ्यांकडे ‘इंडियन केप’ या नावाने जी स्वस्त कोंबड्याची मान जाते, ती इथलीच. ब्रॉयलरच्या नादी लागू नका. तो बिचारा पिसं पक्की व्हायच्या आतच कापला जातो, आणि त्याचं पीस पाण्यात ओल्या कापसासारखं बसतं. वर्षभराचा तरी गावरान कोंबडा हवा. ओळखीच्या कोंबडीवाल्याला आधी सांगून ठेवा, तो विचारणारच, “काऊन भाऊ, उशी भरून राह्यले का?” मानेवरचं पीस वाकवून पाहा. तंतू ताठ उभे राहिले, चमकले आणि मुळाशी फार कापूस नसला तर घ्या. घरी आणून शाम्पूच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे किडे-अंडी मरतात. फ्रीजरच्या परवानगीचा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या घरी सोडवावा.

बदकवाला भेटला तर त्याच्याकडून शेपटीच्या मुळाशी, तेलाच्या गाठीभोवती असलेली लहान मऊ पिसं मागा. हेच सीडीसी. त्याचे बारीक तंतू हवा धरून ठेवतात, त्यामुळे ते तरंगतं. एका बदकात अशी पिसं थोडीच निघतात, तेव्हा जपून वापरा.

मोरपिसाबद्दल नीट समजून घ्या. आपोआप गळालेलं मोरपीस देशात बाळगता येतं, पण परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. राखी रानकोंबड्याची मान जुन्या इंग्रजी फ्लायमध्ये मिरवते, पण तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कुणी आणून दिली तरी हात लावू नका. रानससाही तसाच. पोटाच्या लोकरीसाठी पाळीव सशाचे केस घ्या, नाहीतर ॲक्रिलिकची लोकर कात्रीने बारीक कापून बोटांनी पिंजा. काम भागतं.

पंखाच्या खुंटासाठी पांढरं पॉलिप्रॉपिलीन लागतं, कारण ते पाण्यापेक्षा हलकं असतं. नागपूरच्या इतवारी बाजारात पार्सल बांधायला जी पांढरी प्लास्टिकची सुतळी मिळते, ती उकलून जुन्या टूथब्रशने विंचरली की कामचलाऊ होते. विकतच्या यार्नपेक्षा थोडी राठ, पण शिकताना तीच बरी. घेण्याआधी तुकडा पाण्यात टाकून तरंगतो का बघा.

पहिली फ्लाय: पॅराशूट इमर्जर

ही रचना नेदरलँड्सच्या हान्स व्हॅन क्लिंकेन यांनी १९८० च्या दशकात नॉर्वेतल्या ग्लोमा नदीवर, ग्रेलिंग माशासाठी बसवली. आज ती ‘क्लिंकहॅमर’ नावाने जगभर चालते. ही एक हाताखालून गेली की बाकीच्या सोप्या वाटतात, म्हणून इथे थांबून सांगतो.

बांधायला बसण्याआधी कूलर बंद करा, पंखाही. मे महिन्यात हे सांगणं क्रूरपणाचं आहे याची कल्पना आहे, पण एकदा सीडीसीचं पाकीट उघडं असताना कूलरची झोत आली की उरलेली दुपार पलंगाखाली जाते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे बांधा. मेण त्या दिवसांत फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर दोऱ्यावर गोळे होतात.

गळाची नांगी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, चिमट्याने दाबून टाका. हे बांधण्याआधीच करायचं, कारण गळ तुटणार असेल तर मेहनत करण्याआधी तुटलेला बरा. गळ व्हाइसमध्ये असा तिरपा धरा की नाकाकडचा भाग आडवा दिसेल आणि मागचा भाग खाली उतरेल. नाकामागे दोन नाकांएवढी जागा मोकळी सोडून दोरा सुरू करा आणि दांडीच्या पहिल्या तृतीयांशापर्यंत न्या.

आता खुंट. यार्नची काडीपेटीतल्या काडीएवढी जाड बट घ्या आणि दांडीवर लांबीला बांधा, मोकळं टोक नाकाच्या दिशेने. मागची शेपटी एकदम कापू नका, तिरपी कापा, म्हणजे पोट मागून पुढे निमुळतं भरत येईल. मग मोकळं टोक उभं करून त्याच्या पुढे दोन-चार वेढे टेकू म्हणून द्या आणि खुंटाच्या बुडाभोवती दोरा आडवा गुंडाळत दोन मिलिमीटर वर चढा, परत खाली या. हा बुंधा कडक झाला पाहिजे. बोटाने ढकलून पाहा. डुलत असेल तर पुढचं पीस त्यावर टिकणार नाही आणि पहिल्याच माशाला त्या पिसाची आडवी छत्री उतरेल.

पीस याच वेळी बांधायचं, नंतर नाही. मानेवरच्या पिसाचे तंतू गळाच्या तोंडाच्या (टोक आणि दांडी यांच्यातल्या अंतराच्या) दीडपट ते दुप्पट लांब हवेत. पीस वाकवून गळाशेजारी धरलं की अंदाज येतो. मुळाकडचा कापूस काढा, उघडी काडी खुंटाला समांतर उभी ठेवा आणि बुंध्याबरोबरच दोऱ्याने आवळा. पीस वर ताठ उभं राहू द्या, आत्ता त्याचं काम नाही.

दोरा मागे न्या. गळाच्या वाकात, वाटतं त्यापेक्षा खोल. पोट जिथून सुरू होतं तिथून ते लोंबतं, त्यामुळे इथे कंजूषपणा केला तर साधी पॅराशूट फ्लाय होईल, इमर्जर होणार नाही. लोकर मेण लावलेल्या दोऱ्यावर अंगठा आणि तर्जनीने एकाच दिशेने वळा. किती? चिमटीत घेतली त्याच्या निम्मी परत ठेवा, मग उरलेल्यातली निम्मी वापरा. दोऱ्याचा रंग लोकरीतून जेमतेम झाकला जावा एवढीच. जाड पोट हवा धरतं, तरंगतं, आणि सगळा खटाटोप वाया जातो. खालून वर, खुंटाच्या किंचित मागे येईपर्यंत गुंडाळा. मेफ्लायसाठी ऑलिव्ह-तपकिरी, कॅडिससाठी मातकट पिवळा, चिलटांसाठी काळा किंवा गडद लाल. रंग तंतोतंत जुळवण्यात फार जीव घालू नका. जाडी चुकली तर रंग वाचवत नाही.

छातीसाठी मोरपिसाच्या डोळ्याजवळचे तीन तंतू एकत्र बांधा, खुंटाच्या मागून पुढे नाकापर्यंत गुंडाळा, आणि बांधून कापा. पोट बारीक आणि छाती ठसठशीत, हा फरक माशाला खालून दिसतो.

मग पीस. हॅकल प्लायर्समध्ये (पीस धरायच्या बारीक चिमट्यात) टोक धरून बुंध्याभोवती गुंडाळायचं: पहिला वेढा सगळ्यात वर, पुढचा प्रत्येक त्याच्याखाली. असं केलं की खालचा वेढा वरच्याला घट्ट दाबतो. पाच-सहा वेढे पुरतात. टोक छातीवर खाली आणा, तंतू बोटांनी वर ओढून धरा आणि नाकामागे बांधून गाठ मारा. बुंध्यावर वार्निशचा थेंब सुईने द्या; घरातलं पारदर्शक नेलपॉलिश उत्तम चालतं, फक्त नागपूरच्या उन्हाळ्यात बाटली उघडी ठेवली तर आठवड्यात डिंक होतो. शेवटी खुंट साधारण दांडीच्या लांबीएवढा कापा.

ग्लासात उतरवा

बांधलेली फ्लाय डब्यात जाण्याआधी पाण्याच्या ग्लासात जायला हवी. पोट थुंकीने ओलं करा, फ्लाय वीतभर उंचीवरून टाका आणि डोळा पाण्याच्या रेषेत आणून बाजूने बघा. छत्री पाण्यावर सपाट, छाती पापुद्र्यात, पोट तिरपं खाली, खुंट वर: हे दिसलं की झालं. कुशीवर पडत असेल तर खुंट फार लांब आहे किंवा छत्रीचे वेढे कमी आहेत. सगळीच वर तरंगत असेल तर लोकर जास्त आहे. नाकाने बुडत असेल तर डोक्यात दोरा फार कोंबलाय. मग ग्लास उंच धरून खालून बघा. तोच आरसा, आणि त्यातून घुसलेलं पोट. वाईट बांधलेली फ्लाय ब्लेडने कापून गळ परत वापरायचा, त्यात लाज नाही.

दुसरी: सीडीसी शटलकॉक

चिलटांच्या कोषासाठी ही पुरेशी आहे आणि पाच मिनिटांत होते. १६ किंवा १८ नंबरचा वाकडा गळ. पोट म्हणून नुसता काळा किंवा लाल दोरा, वाकापासून नाकाजवळपर्यंत. त्यावर पातळ नेलपॉलिशचा हात, म्हणजे गुळगुळीत होऊन पटकन बुडतं. सीडीसीची दोन पिसं एकावर एक, टोकं नाकाच्या पुढे येतील अशी बांधा. त्यांच्यामागे मोरपिसाचा एकच तंतू दोन-तीन वेढे, छातीसाठी. पिसं उभी करून पुढून दोऱ्याचा टेकू द्या, गाठ मारा आणि टोकं कात्रीने न कापता नखांनी चिमटून तोडा. कात्रीने ती झाडूसारखी दिसतात.

तेल, पावडर आणि मुलतानी माती

तरंगवणारं जेल फक्त खुंटाला आणि छत्रीला. पोटाला लागलं तर पुसा, थुंकी लावा. सीडीसीला जेल अजिबात नको, तंतू चिकटतात आणि हवा धरणं संपतं. तिला कोरडी सिलिका पावडर. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या कुटून पावडर करायचा मोह होतो, पण निळे दाणे असलेल्या पुडीत कोबाल्ट क्लोराइड असू शकतं आणि कोणतीही सिलिका कुटताना तिची धूळ छातीत जाते. तयार पावडर घ्या.

उलट, तंगूसाचा शेवटचा हात-दीड हात बुडायला हवा. तरंगणारा तंगूस सावली पाडतो आणि शांत पाण्यात मासे तिथेच शंका घेतात. त्यासाठी मुलतानी माती, भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब आणि थोडं ग्लिसरीन कालवून घट्ट लगदा करा. फिल्मच्या जुन्या डबीत ठेवा. चिमूटभर घेऊन तंगूस त्यातून ओढला की चमक जाते आणि तो बुडतो. विकतच्या डबीत याहून फार वेगळं काही नसतं.

इथल्या पाण्यावर

आधी परवानगी. नागपूर जिल्ह्यातले बरेच तलाव मत्स्य सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. काठावर जाळी वाळत घालणाऱ्या माणसाला रामराम करून विचारा, तोच सांगेल कुणाकडे जायचं. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतलं पाणी, तोतलाडोहसकट, डोक्यातून काढून टाका. तिथे मासेमारीला बंदी आहे.

आपल्या तलावांत गाळ आणि शेवाळ भरपूर, म्हणून चिलटांच्या लाल अळ्याही भरपूर. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्या तगतात. थंडीच्या दिवसांत सूर्य कलताना वारा पडला की त्यांचे कोष वर येऊ लागतात. शटलकॉक काढायची ती हीच वेळ. गळाला येणार ते चिलापी आणि वरच्या थरात फिरणारी चंदेरी बारीक मासळी. रोहू-कटल्याची आशा धरून जाऊ नका, मरळ बेडूक बघतो. तरीही शिकायला याहून चांगली शाळा नाही, कारण ही बारीक मासळी दिवसभर वर तोंड मारत असते आणि वाईट फ्लाय लगेच नाकारते.

चार किंवा पाच वजनाचा (हा लाइनच्या वजनाचा नंबर, रॉडच्या नव्हे) नऊ फुटी रॉड, तरंगणारी लाइन आणि बारा फुटांचा लीडर, म्हणजे लाइनपुढचा निमुळता तंगूस, घ्या. टिपेट, म्हणजे त्याचं शेवटचं बारीक टोक, ५एक्स किंवा ६एक्स जाडीचं. वाऱ्याने एका काठाला फेस आणि कचरा जमतो तिथे किडेही जमतात. त्या रेषेच्या कडेला टाका. फ्लाय पडली की थांबा. लाटांची वर्तुळं विरेपर्यंत काहीच करायचं नाही. मग बोटभर लाइन हळूच ओढा, म्हणजे शटलकॉक क्षणभर बुडून पुन्हा वर येईल. कोष धडपडतो तो असाच, आणि घास बहुतेक त्या वर येण्याच्या क्षणी बसतो.

हात बसायला मात्र पाणी लागत नाही. सकाळी मोकळ्या मैदानात गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करा. फिरायला आलेले काका थांबून बघतील. उत्तर द्या आणि मागे कुणी उभं नाही ना तेवढं तपासा.

तीर्थनवर

ट्राउटसाठी बांधलेल्या फ्लाय शेवटी हिमाचलात, तीर्थन नदीवर जातात. रेल्वेने दिल्ली किंवा चंदीगड, तिथून मनालीच्या रस्त्यावर औट, मग बंजारमार्गे गुशैणी. परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाचा, आणि तो आधी काढायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्रजननामुळे ट्राउटचं पाणी बंद असतं. पावसाळ्यात नदी गढूळ. मार्च ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे खरे महिने.

नदीवर पहिली पंधरा मिनिटं रॉड उघडू नका. पाण्याकडे बघा. माशाचं नाक वर आलं, चुळूक आवाज झाला आणि मागे बुडबुडा राहिला तर तो पंखवाला किडा खातोय. वरची हवा त्याच्या तोंडात गेली. पण नुसती पाठ आणि शेपटीचं टोक दिसलं, पाणी फुगलं आणि बुडबुडा नाही, तर त्याने पापुद्र्याखालून घेतलं. डब्यातली क्लिंकहॅमर तेव्हाच काढा. तिथल्या लहान मेफ्लाय बेटिस जातीच्या, त्यांच्यासाठी १६ नंबर ऑलिव्ह-तपकिरी बहुतेक वेळा पुरते.

प्रवाहात माशाच्या खालच्या अंगाला, थोडं आडवं उभं राहा आणि त्याच्या हातभर वरच्या अंगाला टाका. फ्लाय प्रवाहाच्या वेगानेच वाहिली पाहिजे. लाइनने तिला ओढलं की पाण्यावर बारीक रेघ उमटते आणि मासा त्या जागेवरून नाहीसा होतो. म्हणून मधल्या वेगवान धारेवर लाइन पडली की मनगटाने लाइनचा मधला फुगवटा प्रवाहाच्या वरच्या अंगाला उलटवा. फ्लाय अर्धी बुडालेली असल्यामुळे दिसायला त्रास होतो. उन्हाच्या चकाकीत पांढऱ्या खुंटापेक्षा काळा खुंट स्पष्ट दिसतो, तेव्हा निम्म्या फ्लाय काळ्या खुंटाच्या बांधून न्या.

घास आला की झटका नको. पापुद्र्यातला किडा पळणार नाही हे माशाला ठाऊक असतं, म्हणून तो सावकाश घेतो आणि सावकाश खाली वळतो. तो वळू द्या, मग रॉड उचला, बस. हात ओले करूनच मासा धरा आणि तोंड पाण्यात ठेवूनच गळ सोडवा. नांगी दाबलेली असली की एका बोटाचं काम.

माशाच्या तोंडातून आलेली फ्लाय बुळबुळीत असते, ती तशीच परत टाकली तर बुडेल. आधी वाहत्या पाण्यात खळखळून धुवा, रुमालात दाबून टिपा, मग पंखाला पावडर किंवा जेल. पोटाला काही नाही. संध्याकाळी डब्याचं झाकण उघडं ठेवून फ्लाय वाळू द्या. ओल्या बंद केल्या तर नागपूरला पोचेपर्यंत गळ गंजतात आणि छत्र्या चपट्या होतात. चपटी झालीच, तर किटलीच्या वाफेवर चिमट्याने धरा, तंतू पुन्हा उभे राहतात.